‘आशा ठेवा’ की ‘आशा आहे’? जोडीदाराच्या मृत्यूनंतरचा एक शब्द

वाटाड्या :
पती किंवा पत्नी गमावलेल्या ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांसाठी असलेल्या एका छोट्या पुस्तिकेचे जुने भाषांतर तपासण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यात ‘आशा ठेवा’ हे वाक्य वारंवार येते. मसुदा ज्या बाईंना वाचायला दिला, त्यांचे यजमान गेल्या वर्षी वारले. त्यांनी हे वाक्य प्रत्येक ठिकाणी खोडले आहे आणि समासात लिहिले आहे, ‘हे मी अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर ऐकत होते. ते गेल्यावर पुन्हा ऐकवू नका.’

मला त्यांचे म्हणणे पटते. रुग्ण वाचेल म्हणून आपण आशा ठेवतो, आणि डॉक्टरांनी ‘आता आशा नाही’ म्हटले की त्या शब्दाचे काम तिथेच संपते. बायबलमध्ये प्रेषित पौलाने थेस्सलनीकाकरांस, म्हणजे थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीस, लिहिलेल्या पहिल्या पत्रात (४:१३) जी आशा सांगितली आहे, तिचा संबंध मात्र मृत्यू होऊन गेल्यानंतरच येतो. ‘भरवसा’, ‘आस’ आणि ‘उमेद’ हे पर्याय मनात आहेत. जाणकारांनी मत द्यावे.

कोशवाचक :
‘उमेद’ फारसीतून आलेला शब्द आहे, आणि प्रार्थनेच्या भाषेत तो परका वाटतो. ‘आशा’ हा शब्द टाकून देण्याआधी त्याचा पैस पाहावा. संस्कृतात ‘आशा’ म्हणजे दिशासुद्धा. अमरकोशात दिशेच्या पर्यायांत ‘ककुभः, काष्ठा, आशा’ असे शब्द येतात. इच्छा या अर्थाच्या ‘आशा’ची व्युत्पत्ती निराळी, ‘आ + शंस्’ अशी देतात. तरीही जोडीदार गेल्यावर माणसाची पहिली तक्रार ‘आता कुठे जाऊ, कशासाठी जाऊ’ अशीच असते, आणि त्याला आशा म्हणजे दिशा हा अर्थ मला फार जवळचा वाटतो.

मूळाक्षर :
‘उमेदवार’ हा शब्द रोज वापरणाऱ्या भाषेत ‘उमेद’ परकी कशी? तरीही इथे ती नको, या निष्कर्षाशी मी सहमत आहे, कारण उमेद माणसाच्या अंगात असावी लागते, आणि शोकात नेमकी तीच नसते.

‘आशा’ या शब्दाची खरी अडचण आपल्या परंपरेत आहे. ‘आशा नाम मनुष्याणां काचिदाश्चर्यशृङ्खला’ हे सुभाषित सर्वांना ठाऊक आहे : ही अशी बेडी, की जिने बांधलेले धावत सुटतात आणि मोकळे झालेले पांगळ्यासारखे बसून राहतात. ‘आशा-तृष्णा’ ही जोडी तर सुटका करून घेण्याचीच गोष्ट आहे. मराठी ख्रिस्ती लेखनाने हाच शब्द उचलला आणि त्याला श्रद्धा व प्रीती यांच्या पंगतीत बसवले. म्हणून मराठी कानाला तो अजूनही अर्धा मोहासारखा ऐकू येतो.

दीपमाळ :
बेडीच्या उलट बाजूलाही आपल्याकडे पुरावा आहे. मेघदूतात ‘आशाबन्धः कुसुमसदृशम्’ असे आले आहे : विरहात गळून पडू पाहणारे फुलासारखे हृदय आशेचा बंध धरून ठेवतो. तिथेही विषय पती-पत्नींच्या ताटातुटीचाच आहे. हिब्रूतही आशेसाठी ‘तिक्वा’ हा शब्द आहे, आणि बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकात (२:१८) राहाब नावाच्या स्त्रीने खिडकीला बांधलेल्या किरमिजी दोरासाठी हाच शब्द आला आहे. एका भाषेत बंध, दुसरीत दोर. मी तर ‘आशाबंध’ हाच शब्द सुचवेन.

मूळाक्षर :
मेघदूतातल्या यक्षाचा शाप एका वर्षाचा होता. दिवस मोजता येतात अशा विरहाची उपमा न मोजता येणाऱ्या विरहाला द्यावी, हे मला मान्य नाही. शिवाय ‘आशाबंध’ वाचून शोकाकुल माणूस कोश उघडणार नाही, पुस्तिका मिटेल.

आश्रिता :
मी या चर्चेत भाग घ्यावा की नाही याचा बराच विचार केला. माझे पती गेले त्याला आता काही वर्षे झाली. खोडणाऱ्या बाईंना काय टोचले, हे मी सांगू शकेन असे वाटते.

मला ‘आशा’ या शब्दाचा त्रास झाला नाही. ‘ठेवा’ या आज्ञेचा झाला. त्या दिवसांत बँकेतली संयुक्त खात्याची कागदपत्रे होती, मुलांचे प्रश्न होते, आणि त्यांच्या कपाटातले शर्ट होते, ज्यांना हात लावायला मी तयार नव्हते. आणि या सगळ्यावर, आशासुद्धा मीच ठेवायची. कमी पडली तर माझा विश्वासच कमी, असा त्याचा अर्थ मी घेत असे. उपासनेत गीत सुरू झाले की माझ्या तोंडून शब्द निघत नसे, आणि भोवतालचे लोक गात असत. पुढे कधीतरी लक्षात आले की मी गात नसतानाही ते गीत खरेच होते. पौलाच्या वाक्यात ‘आशा ठेवा’ असे नाही. ‘ज्यांना आशा नाही’ असे आहे, म्हणजे तुम्हाला आहे. आशा आहे, कारण ख्रिस्त मरणातून उठला आहे. मला दुपारी चारला ती जाणवते की नाही, यावर ती अवलंबून नाही. शब्द बदलू नका, क्रियापद बदला.

वाटाड्या :
ताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. ‘आपल्याला आशा आहे’ या रचनेत माणूस कर्ता नसतो, चतुर्थीत असतो. आशा त्याच्याकडे आलेली असते. पेत्राच्या पहिल्या पत्रातील (१:३) ‘जिवंत आशा’सुद्धा येशूच्या पुनरुत्थानाद्वारे मिळालेली आहे, आपण निर्माण केलेली नाही.

कोशवाचक :
व्याकरण बरोबर आहे, पण व्यवहार उलटा आहे. ‘पाऊस पडेल अशी मला आशा आहे’ यापेक्षा दुबळे वाक्य मराठीत शोधूनही सापडणार नाही. चतुर्थी आली की खात्री आली, असे होत नाही. खात्री सांगायची असेल तर ‘भरवसा’ हवा, आणि तो मराठीत ‘असतो’ही.

दीपमाळ :
भरवशात प्रतीक्षा नाही. रोमकरांस पत्रात (८:२४-२५) आशा न दिसणाऱ्या गोष्टीची आहे आणि तिच्यासाठी धीराने वाट पाहायची आहे. विधवेच्या किंवा विधुराच्या आयुष्यात वाट पाहणे हाच तर मोठा भाग असतो. इब्री लोकांस पत्रात (६:१९) आशेला ‘जिवाचा नांगर’ म्हटले आहे. मराठीत त्या शब्दाने आधी शेत डोळ्यांसमोर येते, पण तो जहाजाचा नांगर आहे आणि तो मंदिरातल्या पडद्याच्या आतल्या बाजूला, नजरेआड रुतलेला आहे. ही न दिसणारी बाजू ‘भरवसा’ या शब्दात येत नाही.

नित्यपाठ :
आपण सारे ‘आशा’ शब्दावर थांबलो आहोत. थेस्सलनीकाकरांच्या पत्रातल्या त्याच वचनातल्या ‘खेद’ शब्दाकडे कोणी पाहिलेले नाही. मी लहानपणापासून ऐकलेल्या भाषांतरात, ज्यांना आशा नाही अशा बाकीच्यांसारखा तुम्ही ‘खेद करू नये’, असे आहे. आज ‘खेद’ हा शब्द दिलगिरीच्या पत्रात उरला आहे. इथे ‘शोक’ हवा. त्याहून मोठा घोळ ‘सारखा’मुळे होतो. बाकीचे शोक करतात, तुम्ही करूच नका, असे वाचले जाते, आणि रडणाऱ्या माणसाला याच वचनाने गप्प केले जाते. लाजराची बहीण मार्था हिला पुनरुत्थानाचा विश्वास होता, मेलेला लाजर आता उठणार हे येशूला माहीत होते, तरी तो रडला (योहान ११:३५). म्हणून ‘शोक करा, पण आशाहीनांसारखा नको’ असे छापावे.

कोशवाचक :
मूळ ग्रीकमध्ये ‘शोक करा’ असे स्वतंत्र वाक्य नाही. सांत्वनासाठी म्हणून शास्त्रवचनात शब्द घालण्याचा अधिकार अनुवादकाला नाही. टीप द्यावी.

नित्यपाठ :
टीप शोकात कोण वाचतो? आणि नकाराचा रोख ‘शोक’वर नसून ‘सारखा’वर आहे, हे मराठीत कळत नसेल, तर ते भाषांतर शब्दाला धरूनही चुकीचेच ठरते.

आश्रिता :
एक लहान शब्द राहिला आहे. थेस्सलनीकामध्ये प्रश्नच असा होता, की प्रभूच्या येण्याआधी मेलेल्यांचे काय होणार, आणि पौलाचे उत्तर त्याच अध्यायाच्या सतराव्या वचनात आहे : आपण ‘त्यांच्याबरोबर’ घेतले जाऊ आणि सर्वदा प्रभूजवळ राहू. पुष्कळ जण ‘प्रभूजवळ’ वाचून दाखवतात आणि ‘त्यांच्याबरोबर’ ओलांडून जातात. मी तिथे थांबते. पुनरुत्थानात लग्न करून घेत नाहीत, हे मत्तय २२:३० मी वाचले आहे, आणि ते नाते तिथे कोणत्या रूपात असेल ते मला सांगता येत नाही. पण ‘त्यांच्याबरोबर’मध्ये ते आहेत.

मूळाक्षर :
मग पुस्तिकेत ‘पुनर्भेट’ आणि ‘पुनर्मीलन’ यांतला कोणता शब्द आहे, हेही तपासावे लागेल. ‘पुनर्मीलन’ने पुन्हा संसार मांडल्याचा भास होतो, आणि मत्तयातले वचन तेवढ्याचीच ग्वाही देत नाही.

दीपमाळ :
‘पुनर्भेट’ मला तुटपुंजी वाटते. भेट होते आणि माणसे आपापल्या घरी परततात. इथे ‘सर्वदा’ म्हटले आहे.