काखेतल्या गाठी काढल्यावर हात किती हलवायचा?

ठाकुर्लीकर: मोठ्या बहिणीचं उजव्या स्तनाचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले, काखेतल्या लसीका गाठीही (लिम्फ नोड) काढल्या. केमो आधीच झाली. ड्रेन (जखमेतलं पाणी काढणारी नळी) निघाला, जखम कोरडी आहे. पंधरवड्यात रेडिएशन सुरू होईल. पण हात खांद्याच्या वर जात नाही आणि काखेतून कोपरापर्यंत तार ओढल्यासारखी लागते. घरची मंडळी म्हणतात, हलवू नकोस, सूज येईल. खरं काय? पुढे ठाकुर्ली–दादर लोकलही आहेच.

हात_वर: हात बांधून ठेवला तर खांदा आखडतो, आणि अडचण रेडिएशनच्या टेबलावर येते. तिथे हात डोक्यावर ठेवून काही मिनिटं अजिबात न हलता पडून राहावं लागतं. त्यामुळे सर्जनला विचारून आजच सुरुवात करा. भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, बोटं एकेक करत वर चढवायची, ताण जाणवला की थांबून पाच श्वास, मग तशीच खाली. दहा वेळा, दिवसातून तीनदा. पोहोचले तिथे पेन्सिलीने खूण करा. खांदा कानाकडे उचलला जात असेल तर हात वर जातोय असं नुसतं वाटतं. आरशात बघा.

ती तार म्हणजे काखेतल्या आखडलेल्या लसीकावाहिन्या, म्हणजे शरीरातला लसीका द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या. हळूहळू ताणल्यावर बहुतेकींची काही आठवड्यांत सैल पडते. मालिशवालीला मात्र ती रगडू देऊ नका.

वॉर्डातली_सिस्टर: सूज डोळ्यांनी उशिरा कळते, टेपने लवकर. मनगट, कोपराच्या खाली १० सेंमी आणि वर १० सेंमी, दोन्ही हात, महिन्यातून एकदा, त्याच वेळी. उजवा हात मुळात थोडा जाड असू शकतो, म्हणून पहिलं माप लिहून ठेवणं फार मोलाचं. फरक २ सेंमी वाढला, किंवा बांगडी रुतू लागली, हात जड वाटू लागला तर लिम्फेडेमा (लसीका साचून येणारी ही सूज) बघणाऱ्या फिजिओकडे जा. स्लीव्ह, म्हणजे सूज आवरणारी घट्ट बाही, मापानेच घ्या. ढगळ निरुपयोगी, आणि मनगटाशी काचणारी असेल तर पंजा सुजतो. लघवीच्या गोळ्यांनी ही सूज उतरत नाही, कारण ते नुसतं पाणी नसतं, त्यात प्रथिनं अडकलेली असतात.

हात लाल, गरम झाला किंवा ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर त्याच दिवशी डॉक्टर. सकाळची वाट बघायची नाही. विळीचा काप, डास चावून खाजवलेलं, पावसाळ्यात बोटांमधली चिखली, जंतू इथूनच शिरतात. रक्त काढायला, बीपी मोजायला शक्यतो डावा हात द्या.

ठाकुर्लीकर: म्हणजे वजन कधीच उचलायचं नाही?

हात_वर: उचलायचं, पण चढत्या क्रमाने. २००९ साली अमेरिकेत सूज असलेल्या १४१ बायकांवर अभ्यास झाला. आठवड्यातून दोनदा देखरेखीखाली वजनं उचलूनही त्यांची सूज वाढली नाही, ताकद मात्र वाढली. ताईंनी अर्धा लिटरच्या पाण्याच्या बाटलीने सुरुवात करावी. दुसऱ्या दिवशी हात जड वाटला तर एक पायरी खाली. धोका असतो तो एकदम पाण्याची भरलेली बादली उचलण्यात किंवा ओली चादर पिळण्यात.

लोकलमध्ये कडी डाव्या हाताने धरा, पर्स उजव्या खांद्यावर नको, पट्टा रुततो. दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णांना चढता येतं, हॉस्पिटलचे कागद सोबत ठेवा. बसायला मिळालं की मूठ वीसेक वेळा उघड-मीट करा.