टेक्स्चर लावलेली बाह्यरेषा: कोपऱ्यात पोत पिळतो, शेवटच्या बाजूवर उलटा येतो

रेघोटी

वेबजीएल २ (ब्राउझरमध्ये ग्राफिक्स काढायची यंत्रणा) मध्ये बंद बहुभुजांभोवती खडूने ओढल्यासारखी बाह्यरेषा काढायची आहे. जाडी २४ पिक्सेल. खडूचा पोत १२८ × ४८ च्या टेक्स्चरमध्ये (आकारावर चिकटवायच्या चित्रात) आहे, त्याचं एक आवर्तन पडद्यावर ६४ पिक्सेल लांब हवं. प्रत्येक कोपऱ्यावर मायटरच्या (बाजूंच्या कडा टोकदार जुळतात त्या सांध्याच्या) दिशेने दोन व्हर्टेक्स म्हणजे शिरोबिंदू (एक बाहेर, एक आत) आणि सगळ्यांची मिळून एक ट्रायअँगल स्ट्रिप, म्हणजे सलग त्रिकोणांची पट्टी. टेक्स्चरमधली जागा सांगणाऱ्या दोन अंकांपैकी यू (लांबीच्या दिशेने) = सुरुवातीपासूनचं अंतर ÷ ६४. व्ही (जाडीच्या दिशेने) एका कडेला ०, दुसऱ्या कडेला १.

बाजूंच्या मध्यावर सगळं ठीक दिसतं. पण कोपऱ्याजवळ पोत पिळतो आणि पट्टीच्या कर्णावर घडी पडल्यासारखी रेघ उमटते. शेवटच्या बाजूवर अख्खा पोत उलटा आणि चेंगरलेला येतो. शिवाय दोन्ही कडांना काळपट झालर दिसते. कुठे चुकतंय?

कर्णरेषा

शेवटची बाजू आधी. आकार बंद करताना तुम्ही पहिलेच दोन व्हर्टेक्स पुन्हा वापरताय, आणि त्यांचा यू ० आहे. म्हणजे शेवटच्या बाजूवर यू १४-१५ वरून थेट ० वर उतरतो आणि तेवढी सगळी आवर्तनं त्या एका बाजूत उलटी कोंबली जातात. त्या दोन व्हर्टेक्सची वेगळी प्रत करा आणि तिला एकूण यू द्या.

पण तो एकूण यू पूर्णांक नसेल तर सांधा दिसणारच. परिमिती १००० पिक्सेल असेल तर १००० ÷ ६४ = १५.६२५. हे १६ करा आणि आवर्तनाची लांबी ६२.५ घ्या. एवढा फरक डोळ्याला कळत नाही. लहान आकारात पूर्णांक ० येऊ नये म्हणून किमान १ ठेवा.

आता कोपरा, खरं दुखणं तिथे आहे. मायटरचे बाहेरचा आणि आतला असे दोन्ही व्हर्टेक्स तुम्ही एकाच यू वर ठेवलेत. पण बाजूच्या दिशेने मोजलं तर बाहेरचा व्हर्टेक्स कोपऱ्याच्या पुढे असतो आणि आतला तेवढाच मागे. पट्टी समलंब, पण टेक्स्चरमधला तुकडा मात्र आयत. मग समलंबाचे दोन त्रिकोण पोत वेगवेगळा ताणतात, आणि ती घडी म्हणजे त्या दोघांची शिवण.

उपाय असा: कोपऱ्यावर दोनऐवजी चार व्हर्टेक्स घ्या, दोन येणाऱ्या बाजूचे आणि दोन जाणाऱ्या बाजूचे. जागा त्याच, यू वेगळा. वळणाचा कोन थ असेल तर सरक = अर्धी जाडी × टॅन(थ ÷ २). येणाऱ्या बाजूसाठी बाहेरच्या व्हर्टेक्सच्या अंतरात सरक मिळवा, आतल्यातून वजा करा. जाणाऱ्या बाजूसाठी नेमकं उलट. काटकोनात वळताना सरक १२ पिक्सेल येते, म्हणजे ६४ च्या आवर्तनात यू ०.१८७५ ने बदलतो. आता प्रत्येक बाजूवर यू सरळ प्रमाणात वाढतो आणि कर्ण नाहीसा होतो. मायटरच्या रेषेवर पोत तुटेल, पण खडूच्या खरखरीत पोतात ते खपून जातं. नक्षी ठिपक्यांची असेल तर मात्र कोपऱ्यावर ठिपका न येईल असं आवर्तन बसवा.

अल्फा_चॅनल

झालरीचं कारण बहुतेक अल्फा, म्हणजे पिक्सेलची अपारदर्शकता. पारदर्शक पिक्सेलमध्ये रंग काळा साठवलेला असतो आणि लिनिअर फिल्टर (शेजारच्या पिक्सेलांची सरासरी घेणारा) तो शेजारच्या खडूच्या रंगात कालवतो. रंग आधीच अल्फाने गुणून टेक्स्चर भरा आणि ब्लेंडिंग (नवा रंग पडद्यावरच्या रंगात मिसळायची रीत) "वन, वन मायनस सोर्स अल्फा" ठेवा. फक्त एकच बदललंत तर झालर जाणार नाही.

रॅप मोडही (टेक्स्चरच्या कडेपलीकडे काय दिसावं ते) बघा: यू ला रिपीट (पुन्हा सुरुवातीपासून), व्ही ला क्लॅम्प टू एज (कडेचाच रंग पुढे). व्ही ला रिपीट राहिलं तर वरच्या कडेचा रंग खालच्या कडेला झिरपतो. टेक्स्चरच्या वर-खाली ३-४ ओळी पूर्ण पारदर्शक सोडा आणि तेवढ्या प्रमाणात भूमितीची पट्टी रुंद करा. एकच ओळ सोडली तर मिपमॅपच्या (टेक्स्चरच्या निम्म्या-निम्म्या होत जाणाऱ्या प्रतींच्या) पहिल्याच पायरीवर ती शेजारच्या ओळीत मिसळून जाते आणि कड करवतीसारखी दिसते.

रेघोटी

चार व्हर्टेक्सनी पीळ गेला, झालरही गेली. आता दोन गोष्टी. रेषा अर्धपारदर्शक केली की अणकुचीदार कोपऱ्यांच्या आत गडद डाग पडतात. आणि पाच प्रकारचे खडू एका अ‍ॅटलासमध्ये (अनेक चित्रांच्या एकाच टेक्स्चरमध्ये) ठेवून शेडरमध्ये (पिक्सेलचा रंग ठरवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) यू चा फ्रॅक्ट, म्हणजे फक्त अपूर्णांक भाग, घेतला, तर प्रत्येक आवर्तनाच्या सांध्यावर एक पिक्सेलभर पुसट रेघ येते.

कर्णरेषा

डाग पडतात कारण पट्टी स्वतःवर दुमडते. सरक बाजूच्या लांबीपेक्षा जास्त झाली की आतला व्हर्टेक्स मागच्या कोपऱ्याच्याही पलीकडे जातो. वक्राची त्रिज्या अर्ध्या जाडीहून कमी असली तरी तेच. कोपरा फार अणकुचीदार असेल तर मायटर सोडून बेव्हल (टोक छाटलेला सांधा) घ्या. एसव्हीजीमध्ये (वेबवरच्या रेखाचित्रांच्या फाइल-प्रकारात) मायटरची लांबी ÷ जाडी याची मर्यादा मुळात ४ असते, म्हणजे आतला कोन सुमारे २९ अंशांखाली गेला की बेव्हल.

तरीही बेव्हलमध्ये आतली बाजू एकमेकींवर येतेच. स्टेन्सिलने (कुठे आधीच काढलंय ते नोंदवून तिथे पुन्हा काढू न देणाऱ्या बफरने) ती अडवायला जाऊ नका: पहिल्या बाजूचा पारदर्शक पिक्सेलसुद्धा स्टेन्सिलमध्ये नोंदला जातो आणि दुसऱ्या बाजूचा खडू तिथे उमटतच नाही. त्यापेक्षा फक्त अल्फा एका वेगळ्या आर८ (एकच ८ बिटांचा चॅनल असलेल्या) टेक्स्चरवर मॅक्स ब्लेंडने (दोन्हींतली मोठी किंमत ठेवून) काढा आणि मग रंग व पारदर्शकता लावून एकदाच पडद्यावर उतरवा.

अल्फा_चॅनल

पुसट रेघेचं कारण: फ्रॅक्ट १ वरून ० वर उडी मारतो, शेजारच्या दोन पिक्सेलमधला फरक प्रचंड दिसतो आणि हार्डवेअर तिथे फारच लहान मिपमॅप निवडतं. फ्रॅक्ट घेण्याआधीच्या यू वरून डेरिव्हेटिव्ह (शेजारच्या पिक्सेलपर्यंतचा बदल) काढा, अ‍ॅटलासमधल्या तुकड्याच्या रुंदीने गुणा आणि टेक्स्चरग्रॅडला (हा बदल हाताने देता येतो अशा फंक्शनला) द्या. पण तुकड्यांच्या सीमेवर शेजारचा खडू तरीही झिरपेल. पाचही खडू एकाच मापाचे असतील तर टेक्स्चर अ‍ॅरे (एकाच मापाच्या टेक्स्चरांची चवड) वापरा. तिथे रिपीट जसंच्या तसं चालतं आणि फ्रॅक्ट लागतच नाही.

यू हायपीमध्ये (शेडरमधल्या जास्त अचूकतेच्या संख्येत) ठेवा. मोबाइलवर मीडियमपी (मध्यम अचूकता) १६ बिटांचं असेल तर यू ६४ च्या पुढे गेल्यावर एक पायरी १/१६ आवर्तनाची होते, म्हणजे पोत ४-४ पिक्सेलच्या ठोकळ्यांत सरकताना दिसतो.