२६५/७५ टायर बसवायचेत, लिफ्ट किती इंची करू?

दगडवाट:
नमस्कार मंडळी, गाडी जुन्या धाटणीची आहे, पुढे-मागे दोन्हीकडे सॉलिड ॲक्सल, चारही बाजूंना कॉइल स्प्रिंग, लो रेंज (जास्त ओढीचे हळू गिअर) आहे. कंपनीचे २३५/७० आर १६ टायर झिजलेत, बदलायचेच आहेत तर आता मोठेच घालावेत असं डोक्यात आहे, २६५/७५ आर १६ एटी (ऑल टेरेन). नदीपात्रातले गोटे आणि खोल चाकोऱ्या असल्या की मागच्या डिफचा गोळा (ॲक्सलच्या मधला गिअरचा गोल डबा) सारखा खाली लागतो, हा खरा त्रास. एक जण म्हणतो दोन इंची लिफ्ट (उंच स्प्रिंग घालून गाडी वर उचलणं) पुरे, दुसरा म्हणतो तीनशिवाय बसणारच नाहीत. गाडी रोजच्या वापरातही आहे, हायवेला पण चालते. जाणकारांनी जरा नीट सांगा, आणि लिफ्टशिवाय अजून काय काय बदलावं लागतं तेही.

खडककाप्या:
आधी लिफ्ट बाजूला ठेवा. लिफ्टने बॉडी आणि चासी वर जाते, डिफचा गोळा ॲक्सलवर असतो आणि ॲक्सल चाकांवर, त्यामुळे तो जिथल्या तिथेच राहतो. तो वर उचलायचा तर टायरच मोठा पाहिजे, म्हणजे तुमचा विचार बरोबर दिशेने आहे. हिशोब असा, टायरची रुंदी २३५ मिमी, तिचे ७० टक्के म्हणजे साइडवॉल १६४.५ मिमी, त्याची दुप्पट आणि १६ इंची रिमचे ४०६ मिळून व्यास साधारण ७३५ मिमी. २६५/७५ चा येतो ८०४. फरक ६९, त्याचा निम्मा म्हणजे डिफखाली ३४ मिमी जागा वाढणार. गोट्यांमध्ये एवढी जागा खूप असते.

आता घासण्याचं. बहुतेक लोक इथे चुकतात आणि मला हे पोटतिडकीने सांगावंसं वाटतं, लिफ्ट केली म्हणून टायर घासायचा थांबत नाही. उभ्या गाडीत मडगार्ड आणि टायरमध्ये चार बोटं फट दिसते तेव्हा वाटतं झालं काम, पण खड्ड्यात सस्पेन्शन पूर्ण दाबलं गेलं की ॲक्सल बंप स्टॉपपर्यंत (त्याला वर अडवणारा रबरी ठोकळा) येतोच, मग स्प्रिंग दोन इंची जास्त असो की तीन. टायर जाऊन टेकणार त्याच जागी. त्यामुळे बंप स्टॉप खाली वाढवणं हे पहिलं काम, तुमच्या बाबतीत जुनी फट राखायची तर ३४ मिमीच्या आसपास. त्याने वरचा प्रवास कमी होतो, तो भरून काढायला लिफ्ट, असा तो क्रम आहे. माझ्या मते दोन इंच भरपूर. तीन केली की पुढच्या ॲक्सलचा कॅस्टर (चाक ज्यावर वळतं त्या धुरीचा मागे झुकलेला कोन) एवढा कमी होतो की गाडी हायवेला सरळ धरत नाही, स्टेअरिंग आपणहून मध्यावर येत नाही, मग कॅस्टर करेक्शनचे बुश घाला, पॅनहार्ड रॉड (ॲक्सलला आडवं धरणारा दांडा) ॲडजस्टेबल घ्या कारण ॲक्सल एका बाजूला सरकलेला असतो, ब्रेकचे होस पाइप लांब घ्या, प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडून व्हायब्रेशन आलं तर ते वेगळंच. दोन इंचांतही होस पाइप आणि पॅनहार्ड तपासाच.

लोरेंज:
वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण गिअरिंगबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. ८०४ ला ७३५ ने भागलं की १.०९, म्हणजे गाडीचे सगळे गिअर ९ टक्क्यांनी उंच झाले असं समजा. डिफचा रेशो ४.१ असेल तर तो चालवताना ३.७५ सारखा वाटणार. चढावर टॉप गिअर धरवत नाही, आणि मुख्य म्हणजे लो रेंजला पहिल्या गिअरमध्ये उतारावर इंजिन ब्रेकिंग कमी मिळतं, गाडी सुटल्यासारखी वाटते आणि पाय ब्रेकवर जातो. त्या ब्रेकलाही तेवढ्याच पेडलला रस्त्यावर जोर कमीच मिळतो कारण चाकाची त्रिज्या वाढलेली. हे एकत्र आल्यावर भरलेल्या गाडीत चांगलंच जाणवतं. रेशो बदलायचा झाला तर पुढचा आणि मागचा दोन्ही डिफ एकदम, एकच बदलून फोर व्हीलमध्ये टाकली तर ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारा गिअरबॉक्स) वाटोळं. स्पीडोमीटर पण आधीपेक्षा ९ टक्के कमी दाखवेल, काटा ८० वर आणि गाडी ८७ वर असं होऊ शकतं. मात्र कंपनीचा काटा मुळात थोडा जास्तच दाखवत असतो, तेव्हा जीपीएसवर एकदा बघूनच घ्या.

दगडवाट:
दोघांचेही आभार, बंप स्टॉपचं तर डोक्यातच नव्हतं. रिम कंपनीचे साडेसहा इंची आहेत. तेच ठेवून स्पेसर (चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या) घातले तर चालेल का? आणि पूर्ण वळवल्यावर आत घासेल का?

पाटीलबुवा:
दगडवाट, साडेसहाच्या रिमवर २६५/७५ घालू नका, त्याला ७ ते ८ इंची रिम लागतो. अरुंद रिमवर टायर मध्येच फुगतो, कडा नीट टेकत नाहीत. आणि नवीन रिम घेणारच असाल तर स्पेसरची गरजच राहत नाही, योग्य ऑफसेटचा (चाक किती आत बसतं ते माप, कमी म्हणजे चाक बाहेर) रिम घ्या. टायर ३० मिमी रुंद झाला म्हणजे आत १५ आणि बाहेर १५, तेव्हा ऑफसेट १५ ने कमी घेतला तर आतली फट पहिल्यासारखीच राहील पण बाहेर पूर्ण ३० निघेल, मडगार्डच्या बाहेर आला तर फ्लेअर (मडगार्डची रुंद किनार) लावावा लागेल, तुमच्याकडचे नियम आणि इन्शुरन्स काय म्हणतो तेही आधी विचारून घ्या. ऑफसेट फार कमी करायचाही मोह नको, बेअरिंग आणि बॉल जॉइंट लवकर जातात, आणि वळताना टायर मोठ्या घेराने फिरतो म्हणून चाकामागच्या पत्र्याच्या शिवणीला उलट जास्तच लागतो.

एक मनापासून सांगू का, हायवे पण चालवताय तर २४५/७५ आर १६ चा विचार करा. व्यास ७७४, डिफखाली १९ मिमी मिळतात, साडेसहाच्या रिमवर बसतो, गिअरिंगमध्ये ५ टक्क्यांचाच फरक. खोल चाकोरीत अरुंद उंच टायर मला रुंद टायरपेक्षा कधीही आवडतो, चिखल कापत खाली कडक जमिनीपर्यंत जातो. वाळूत हवा कमी केली की त्याचाही ठसा लांब होतो. आणि स्टेपनी विसरू नका, पाचवा टायर त्याच मापाचा हवा, मागच्या दाराचं बिजागर त्याचं वजन पेलतंय का ते बघा.

खडककाप्या:
पाटीलबुवांचं २४५ बद्दलचं मत पटतं, पण त्रास डिफ लागण्याचाच आहे आणि गोट्यांमध्ये १९ आणि ३४ मधला फरक कळतो, म्हणून मी २६५ च्याच बाजूने. मात्र विकत घ्यायच्या आधी कोणाकडून तरी त्या मापाचं एक चाक रिमसकट मागून आणा आणि पुढे लावून बघा. ऑफसेट काय आहे तेही विचारा, नाहीतर उत्तर चुकीचं येईल. टायरच्या खांद्यावर आणि साइडवॉलवर जाड खडू फासायचा, ते चाक रॅम्पवर किंवा मजबूत ओट्यावर चढवायचं आणि तिरप्या कोपऱ्यातलं मागचं चाकही वर घ्यायचं, म्हणजे पुढची ती बाजू बंप स्टॉपपर्यंत दबते. हँडब्रेक, बाकीच्या चाकांना ओंडके, गाडीखाली कोणी जायचं नाही. मग स्टेअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, सावकाश. खाली उतरवून बघा खडू कुठे उमटलाय. रेडियस आर्मवर (ॲक्सलला चासीशी जोडणारा लांब दांडा) असेल तर लिफ्टने काही होणार नाही, स्टेअरिंग स्टॉप थोडे वाढवायचे किंवा ऑफसेट बदलायचा. मडगार्डच्या प्लॅस्टिक लायनरवर असेल तर तो गरम करून मागे दाबता येतो. आणि दाराखालच्या पत्र्याच्या शिवणीवर असेल तर ती हातोड्याने आत वळवून लगेच प्रायमर मारायचा नाहीतर तिथूनच गंज धरेल. कुठे उमटतोय ते इथे कळवा, त्यावर बंप स्टॉपचं नेमकं माप ठरवू.