केसांचं पार चऱ्हाट झालंय, घरच्या घरी काय करता येईल?

औश्याची सून:
नमस्कार सगळ्यांना, इथं पहिल्यांदाच लिहायलेय. माझं माहेर परभणी, फेब्रुवारीत लग्न होऊन औश्याला आले. लग्नाआधी एका पार्लरमधे केस सरळ करायचं स्मूदनिंग केलं होतं, दोन महिने केस रेशमासारखे होते आणि मग जे बिघडायला लागले ते थांबेनातच. आता हात फिरवला की नारळाचा काथ्या लागतो हाताला, वेणीचं टोक झाडूसारखं फुलतं, आणि फणीत जे केस येतात ते मुळापासून नाही, मधूनच तुटलेले असतात. घरी बोअरचं पाणी आहे, नळ आठ-दहा दिवसाला येतो तो प्यायलाच भरून ठेवतो. अंडं लावून झालं, दही झालं, कुणीतरी सांगितलं म्हणून एकदा खायच्या सोड्यानं पण धुतले, त्या दिवशी विंचरताना अक्षरशः रडू आलं. सासूबाई म्हणतात तेल लाव, पण तेल लावलं की निघतच नाही, शाम्पू दोनदा तीनदा घ्यावा लागतो आणि वाळल्यावर परत केस तसेच चिकट आणि तसेच कोरडे. दिवाळीनंतर भावाचं लग्न आहे, पार्लरवाली म्हणायलीय केराटिन कर, म्हणजे परत औषध लावून इस्त्रीनं केस गुळगुळीत करायचे, सहा हजार. तेवढे पैसे नाहीत आणि खरं सांगायचं तर आता भीती वाटतेय. घरीच काही करून केस पहिल्यासारखे होतील का?

उदगीरची लेक:
अगं ताई, शाम्पू दोनदा तीनदा घ्यावा लागतो म्हणलीस ना, मला तर तिथंच कळलं. पाणी जड आहे तुमचं. आपल्याकडचं बोअरचं पाणी म्हणजे काळ्या पाषाणातून आलेलं, कॅल्शियम मॅग्नेशियमचे क्षार भरलेले असतात त्यात. पाणी तापवायच्या हिटरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो बघ, तसेच क्षार केसावर पण साठत जातात, त्यावर साबण लावला की त्याचा चिकट साका होतो आणि तुला वाटतं तेलच निघालं नाही. अंगाचा साबण चुकूनही डोक्याला लावू नकोस, जड पाण्यात साबणापेक्षा शाम्पू कितीतरी बरा.

खात्री करायची असेल तर दोन सारख्या बाटल्या घे, एकीत अर्धी बाटली बोअरचं पाणी, दुसरीत तेवढंच आरओ फिल्टरचं, दोन्हीत अंगाच्या साबणाचा नखाएवढा कीस टाक आणि झाकण लावून जोरात हलव. आरओच्या बाटलीत गच्च फेस होईल. बोअरच्या बाटलीत फेस कमी आणि पाणी दुधाळ होऊन त्यात कण तरंगायला लागले तर समज.

मी हे स्वतः भोगलंय. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तो उन्हाळा मी लातूरलाच कॉलेजला होते, होस्टेलवर मिळेल त्या टँकरचं पाणी, चार महिन्यात कमरेपर्यंतचे केस खांद्यावर आणावे लागले मला. तेव्हा कुणी सांगितलं नाही की दोष पाण्याचा आहे, मी आपली तेलं बदलत बसले.

आता करायचं काय, तर सगळी आंघोळ चांगल्या पाण्यानं होणार नाही हे मला पण माहितीय. केस बोअरच्या पाण्यानं धू, पण शेवटचे दोन-तीन तांबे आरओच्या नाहीतर पावसाच्या पाण्याचे घे. श्रावण चालूय, पत्र्याचं पाणी धर, पहिल्या सरीचं सोडून दे कारण त्यात धूळ आणि पाखरांची घाण असते. ते पण नसेल तर बोअरचं पाणी खळखळ उकळून रात्रभर झाकून ठेव, सकाळी खाली पांढरा साका बसलेला दिसेल, वरचं वरचं अलगद ओतून घे. सगळे क्षार जात नाहीत पण बरेच जातात. तुरटी फिरवून काही होत नाही, तिनं गढूळपणा बसतो, क्षार तसेच राहतात.

आणि एक महत्त्वाचं, आरओच्या दुसऱ्या नळीतून जे वाया जाणारं पाणी येतं ते केसाला घेऊ नकोस. लोकं बादलीत साठवून त्यानंच डोकं धुतात, आणि सगळे क्षार त्यातच उतरलेले असतात, म्हणजे ते बोअरपेक्षा जास्त जड. फरशी पुसायला वापर.

कुसुमकाकू, परभणी:
बाई तू तर माझ्या गावची निघालीस. सासूबाईंचं चूक नाही गं, तेल लावायचंच, पण कोणतं आणि कधी ते बघ. आपण करडी खाणारी माणसं, परभणीच्या कृषी विद्यापीठानं करडीचं परभणी कुसुम नावाचं वाण काढलेलं, आमच्या घरी भाजीला पण करडी आणि डोक्याला पण करडीच. आता केसाला मी खोबरेलच लावते. माझी लेक फार्मसी शिकलीय, तिनं समजावलं की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना केसातलं प्रोटीन जे वाहून जातं ते कमी होतं, सूर्यफुलाचं तेल वरवर राहतं, करडीचं पण त्याच जातीचं. त्यावर अभ्यास झालाय म्हणे 2003 साली.

न्हायच्या आधी दोन तास, नाहीतर आदल्या रात्री, दोनच चमचे खोबरेल कोमट करून घे आणि मधल्या भागापासून टोकापर्यंत बोटांनी पुसल्यासारखं लाव. टाळूवर थापायची गरज नाही, तुझं दुखणं टोकाला आहे. केस पाण्यात फुगतात आणि वाळल्यावर आकसतात, तेल असलं की पाणी आत कमी शिरतं. न्हाल्यावर तेल लावून उन्हात फिरू नये, नुसती धूळ बसते.

आणि टॉवेलनं खसाखसा पुसू नकोस. जुना सुती पंचा नाहीतर मऊ झालेल्या साडीचा तुकडा घे, दाबून दाबून पाणी टिप. गुंता काढताना रुंद दातांची फणी, आधी टोकाचा मग वरचा, वरून खाली ओढलंस की तुटलाच केस.

घरात जवस असेलच. दोन चमचे जवस दोन कप पाण्यात उकळ, सारखं हलवत राहा, अंड्यातल्या पांढऱ्यासारखी तार यायला लागली की लगेच गाळ, गार झालं तर गाळलं जात नाही, मी एकदा सगळं पातेलं फेकून दिलंय. ओल्या केसाला लिंबाएवढं चोळायचं आणि तसंच वाळू द्यायचं. केस बसतात, मऊ लागतात. फ्रीजमधे चार-पाच दिवस टिकतं, वास आला की टाकून दे.

पार्लर सोडलेली, संभाजीनगर:
मी सात वर्षं पार्लरमधे काम केलंय म्हणून थोडं कडू बोलते, राग मानू नका ताई. जे केस खराब झालेत ते पहिल्यासारखे होणार नाहीत. डोक्याबाहेर आलेला केस मेलेला असतो, त्याला जखमेसारखं भरून येता येत नाही. स्मूदनिंगमधे केसाच्या आतले बंध केमिकलनं तोडून केस सरळ करून परत जोडतात, त्यातले थोडे कायमचे कच्चे राहतात, वरून इस्त्री. पण मुळातून नवीन येतोय तो चांगला आहे, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे फेब्रुवारीपासून तुमचे दोन-अडीच इंच नवे केस आले असतील. आरशात बघा, मुळाजवळचा केस आणि टोकाचा केस वेगळा दिसेल. जपायचा तो हा.

म्हणून आधी दोन-तीन बोटं टोकं कापा. फाटे फुटलेला केस चिकटवणारं काहीही मिळत नाही, कापला नाही तर फाटा वर वर चढत जातो. कात्री धारदार घ्या, कागद कापायची घेऊ नका, तिनं टोक चिरडतं.

अंडं लावून केसाला प्रोटीन मिळत नाही, अंड्यातलं प्रोटीन एवढं मोठं असतं की ते केसात शिरूच शकत नाही. गरम पाण्यानं धुतलं तर केसातच शिजतं, मी काढलेत तसले केस तासभर बसून. खायचा सोडा परत नका वापरू, सोड्यानं केसाची खवलं उघडतात आणि गुंता होतो, म्हणून तर त्या दिवशी तसं झालं. काळी मेहंदी पण नको.

आणि केराटिन आता मुळीच नको. त्यातल्या बऱ्याच औषधांना इस्त्री लागली की फॉर्मॅल्डिहाइडचा धूर निघतो, आमचे डोळे चुरचुरायचे, घसा धरायचा, त्यापायीच मी काम सोडलं. आधीच कच्च्या केसावर परत एवढी उष्णता घातली तर भावाच्या लग्नापर्यंत वेणी तरी राहील का? शाम्पू नंतर साधं कंडिशनर लावा, एक-दोन रुपयाची पुडी पण चालते, फक्त मधून टोकापर्यंत, दोन मिनिटं ठेवून धुवा. लग्नात केस मोकळे सोडू नका, खोपा घाला, गजरा माळा, फार छान दिसेल.

आशाताई:
मधून तुटतात म्हणजे वरच्यांचं बरोबर आहे. पण मुळासकट पण जायला लागले, सोबत थकवा, पाळीत जास्त जाणं, अंगावर सूज असं काही वाटलं तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या ताई. हिमोग्लोबिन आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होतं. नव्या सुना सगळ्यात शेवटी जेवतात, भाजी संपलेली असते, मी रोज बघते. जेवणात डाळ, अंडं, शेंगदाणे असू द्या, केसाला लावण्यापेक्षा अंडं खा.

औश्याची सून:
सगळ्यांचे खूप खूप आभार, दोनदा वाचलं. बाटल्यांचं करून बघितलं, आरओच्या बाटलीत बुचापर्यंत फेस आणि बोअरच्यात दही फुटल्यासारखे कण. सासूबाई पण बघत होत्या, त्या म्हणाल्या म्हणजे माझे पण केस ह्याच पाण्यानं गेले की काय. काल त्यांनीच माझी तीन बोटं टोकं कापली. पत्र्याखाली दोन घागरी लावल्यात. एकच विचारते, आजवर जे क्षार बसलेत ते काढायला लिंबू पिळलं तर चालेल का?

उदगीरची लेक:
चालेल पण सरळ पिळू नकोस. एक लिटर पाण्यात एक चमचा रस, गाळून, शाम्पू झाल्यावर केसावरून ओत, दोन मिनिटं थांब आणि साध्या पाण्यानं काढून टाक. पंधरा दिवसातून एकदाच. टाळूला जखम किंवा खाज असेल तर नको, आणि लिंबू केसात ठेवून उन्हात जाऊ नकोस. सासूबाईंना पण तेच करायला सांग, पाणी एकच आहे.