मदत हवी आहे: अकरावीतली कबड्डीपटू, दुखापतीनंतर एकदम मिटून गेली आहे

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आडगावच्या शाळेत क्रीडाशिक्षक आहे. शाळेला समुपदेशक नाही. मुलांचं काहीही असलं की ते फिरून पीटीच्या सरांकडेच येतं.

मुलगी आमच्या १९ वर्षांखालच्या संघाची मुख्य रेडर. गेल्या हंगामात चढाई करून परत फिरताना गुडघा मुरगळला, लिगामेंट तुटलं. नागपूरला ऑपरेशन झालं, निदान नऊ महिने कबड्डी बंद सांगितली. गुडघ्याची प्रगती चांगली आहे. काळजी दुसरीच आहे. आधी रोज संध्याकाळी मैदानाच्या कडेला येऊन बसायची, आता तेही सोडलं. संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून निघून गेली. डबा तसाच घरी परत जातो, आई म्हणते रात्रभर जागीच असते. डोक्यात पोलीस भरती होती, ८०० मीटरची तयारी चालू होती. आता ते होणार नाही, असं तिनंच ठरवून टाकलंय.

परवा व्हरांड्यात गुडघ्याच्या पट्ट्याचं वेल्क्रो नुसतं काढत-लावत बसली होती. काय झालं विचारलं, तर म्हणाली, "सर, मी नसली तं कोनाचं काई अडत नाई." संघाबद्दल बोलली की एकूणच, ते कळेना.

वडिलांजवळ डॉक्टरचा विषय काढला. "डोक्याच्या डॉक्टरकडं नेलं तं गावात बोभाटा होईन सर, पोरीचं लगन कराचं हाय," म्हणाले आणि पंप पाठीवर घेऊन फवारणीला गेले. माणूस वाईट नाही, उसनवारी करून पोरीचं ऑपरेशन केलंय त्यांनी.

गावात चर्चा न होता हिला कुठं दाखवता येईल? आणि तोवर मी तिच्याशी काय बोलू, काय नको?

प्रतिसाद १
सर, मी ग्रामीण रुग्णालयात समुपदेशनाचं काम करते. "मी नसली तं" हे वाक्य सोडून देऊ नका. तिला एकटीला बसवून सरळ विचारा, जीव द्यायचे विचार येतात का? विचारल्यानं असा विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून मुलं मोकळी होतात. आणि घरात फवारणीचं औषध कुठं ठेवतात ते आजच बघा. आपल्याकडं ते खाटेखाली नाहीतर न्हाणीत पडलेलं असतं. कुलपात गेलं पाहिजे, किल्ली वडिलांकडं. ती हो म्हणाली तर तिला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

फोनवर टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, १४४१६. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये सुरू केलं. फुकट आहे, चोवीस तास चालतं, मराठीत बोलता येतं. शिक्षक म्हणून तुम्हीही लावू शकता.

बोभाट्याचं म्हणाल तर १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत मैत्री क्लिनिक असतं. तिथं मुली पाळीच्या, अशक्तपणाच्या तक्रारी घेऊनही येतात, त्यामुळं कोणाची नजर जात नाही. पुढं गरज पडली तर यवतमाळचं शासकीय मेडिकल किंवा सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, दोन्हीकडं मानसोपचार विभाग आहे. तिची माहिती गुप्त ठेवणं २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं बंधनकारक आहे, हे वडिलांना सांगा. अठराच्या आतली आहे म्हणजे उपचाराला त्यांची संमती लागेलच. जाताच आहात तर हिमोग्लोबिन, थायरॉईड, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासून घ्या. सिकलसेल आपल्या भागात किती आहे ते सांगायला नको, आणि जेवण-झोप बिघडण्यामागं कधी कधी शरीराचंही कारण निघतं.

प्रतिसाद २
मी स्वतः खो-खो खेळायचो, पाय मोडून घरी बसलेला आहे. "मन घट्ट कर" एवढं मात्र म्हणू नका, डोकं फिरतं त्यानं. खेळाडू म्हणूनच गाव ओळखत असतं, ते गेलं की आपण कोण हेच कळत नाही. अभिनव बिंद्रानं तर २००८ ला ऑलिंपिकचं सुवर्ण जिंकल्यावर आलेल्या नैराश्याबद्दल उघड सांगितलंय. जिंकून तसं होऊ शकतं, मग ही तर बाहेर बसलीय. तिला संघात काम द्या. गुणलेखन द्या, ज्युनिअर पोरींचं फूटवर्क बघायला लावा. पण दया दाखवल्यासारखं नको, पोरींना लगेच कळते.

प्रतिसाद ३
भरतीचं म्हणाल तर गुडघा बरा झाल्यावर पळता येतं का, हे ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांच्या तोंडून तिला ऐकू द्या. स्वतःच निकाल लावून बसलीय ती.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. विचारलं. आधी नुसती रडली, मग म्हणाली, "कधी कधी वाटते झोपावं न उठूच नाई." काही ठरवलंय का विचारलं, तर नाही म्हणाली. शाळेच्या ऑफिसात बसून १४४१६ लावला, मी बाहेर थांबलो, बराच वेळ बोलली. त्यांनीही लवकर डॉक्टरला दाखवा सांगितलं. संध्याकाळी घरी गेलो. औषधाचे डबे शेतातल्या कोठ्यात कुलपात गेले. आई रात्री तिच्याजवळ झोपते. वडील अजून गप्प आहेत, पण "पयले रक्त तपासू" एवढ्यावर आले.

मुलीची एकच अट आहे, डॉक्टर बाई पाहिजे. यवतमाळ किंवा सेवाग्रामच्या मानसोपचार ओपीडीत बाई डॉक्टर कोणत्या वारी बसतात, कोणाला पक्कं माहीत असेल तर आजच सांगा. उद्या सकाळच्या एसटीनं निघतोय, तिची आई सोबत आहे.