जबड्याच्या सांध्याच्या दुखण्यावर लेझर अ‍ॅक्युपंक्चर करून घ्यावे का?

प्रश्न (शिक्षिका, कोथरूड, वय ३६)

नमस्कार. चार महिन्यांपासून माझे उजव्या कानापुढे दुखते, जांभई देताना सांध्यात ‘कट्’ असा आवाज होतो आणि सकाळी जबडा इतका आखडलेला असतो की पोळीचा पहिला घास चावणेही नकोसे होते. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी कानात दोष नसल्याचे सांगून दंतवैद्यांकडे जाण्यास सुचवले. दरम्यान घराजवळच्या एका केंद्रात चौकशी केली, तेव्हा लेझर अ‍ॅक्युपंक्चरची दहा सिटिंग्ज घ्यावी लागतील आणि सगळे पैसे आधी भरावे लागतील, असे सांगण्यात आले. मला सुयांची फार भीती वाटते, म्हणून हा उपाय बरा वाटतो. परंतु त्याने खरोखर गुण येतो का?

उत्तर (दंतवैद्य, सदाशिव पेठ)

ताई, आधी दुखणे कुठले आहे ते ठरू द्या. कानापुढचे दुखणे सांध्यातल्या चकतीचे असू शकते, चावण्याच्या स्नायूंचे असू शकते किंवा अक्कलदाढेचेही असू शकते. आपल्याकडे सुपारी आणि गुटख्यामुळे तोंड कमी उघडणारे रुग्ण इतके येतात, की तो प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो. आपल्या हाताची तीन बोटे उभी धरून दातांच्या मध्ये जात असतील तर तोंड पुरेसे उघडते असे समजावे.

आता लेझरविषयी. यात सुईऐवजी कमी शक्तीच्या लाल किंवा अवरक्त किरणांचा झोत, म्हणजे साधारणपणे ६०० ते १००० नॅनोमीटर तरंगलांबीचा आणि ५०० मिलिवॉटपर्यंतचा, ठरावीक बिंदूंवर काही सेकंद ते एखादे मिनिट धरतात. कानापुढचा खळगा, जबड्याच्या कोनाजवळचा स्नायू आणि हाताच्या अंगठा व तर्जनीमधला बिंदू हे त्यांतले नेहमीचे बिंदू होत. (हातावरचा बिंदू गरोदरपणी परंपरेने टाळतात.) त्वचेला काहीच जाणवत नसल्यामुळे बंद यंत्राशी तुलना करून याची परीक्षा घेणे सोपे जाते, आणि अशा चाचण्यांत काही ठिकाणी वेदना अधिक उतरल्याचे दिसले, तर काही ठिकाणी बंद यंत्राच्या गटालाही तितकाच आराम पडला. चाचण्या लहान आहेत आणि प्रत्येकीत किरणांची मात्रा वेगळी आहे. म्हणून मी याला पूरक उपाय मानतो, मुख्य नव्हे. सरकलेली चकती लेझरने जागेवर येत नाही. नुसता आवाज येत असेल आणि दुखत नसेल, तर बहुधा उपचारांची गरजही नसते.

दहा सिटिंग्जचे पैसे आधी भरू नका. तीन-चार झाल्यावर फरक पडत नसेल तर थांबण्याची मोकळीक असली पाहिजे. उपचाराच्या वेळी तुम्हाला आणि उपचारकालाही संरक्षक चष्मा हवाच. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, तेव्हा उपचारकाची नोंदणी जरूर विचारा.

उत्तर (सिंहगड रस्ता)

मी गेल्या वर्षी आठवड्यातून दोनदा अशी सहा सिटिंग्ज घेतली. तिसऱ्यानंतर दुखणे निम्म्यावर आले, हे मी मनापासून सांगते. परंतु त्याच काळात दंतवैद्यांनी दिलेली, रात्री दातांवर बसवायची प्लेट वापरत होते, शेंगदाणे, ऊस आणि कडक भाकरी बंद केली होती आणि जबडा शेकतही होते, त्यामुळे श्रेय नक्की कशाला द्यावे हे मला आजही ठरवता येत नाही. आवाज मात्र तसाच आहे. तुम्ही रोजचे दुखणे दहापैकी किती, हे वहीत लिहून ठेवा. मी ते केले नाही याची हळहळ वाटते.

उत्तर (फिजिओथेरपिस्ट, हडपसर)

एकच जोडतो. ओठ मिटलेले असताना दात एकमेकांना टेकलेले नसावेत, जीभ टाळूला हलकी लागलेली असावी. दिवसभर दात आवळण्याची सवय सुटल्याखेरीज कोणताही आराम टिकत नाही. दात झिजवून चावा, म्हणजे वरखालचे दात जुळण्याची ठेवण, बदलण्याचा सल्ला मिळाला तर घाई करू नका, कारण झिजवलेला दात पुन्हा भरून येत नाही. जबडा उघडाच अडकला किंवा उघडेनासा झाला, अथवा चालताना डाव्या जबड्यात दुखून छाती भरून आली, तर मात्र लगेच रुग्णालय गाठावे.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. केंद्रात पैसे भरलेले नाहीत आणि शनिवारी दंतवैद्यांची वेळ घेतली आहे. लेझरचा विचार सोडलेला नाही, पण त्यांनी तपासल्यावरच तो करीन. मुले वहीत लिहीत असताना मी दात घट्ट आवळून उभी असते, हे आज वर्गात प्रथमच लक्षात आले.