एबीआर (दोन एरिया जोडणारा राउटर) गेला की अख्खी एमआयडीसी बंद, पर्यायी रस्ता कसा लावावा? सल्ला हवाय

जुळे_सोलापूरकर: नमस्कार मंडळी. सोलापुरात आमचं छोटं नेटवर्क आहे, सगळे मिळून १४ राउटर, ओएसपीएफवर (राउटर आपसात बोलून रस्ते ठरवतात ती पद्धत, त्यात नेटवर्कचे भाग म्हणजे एरिया) चालतं. सात रस्त्याला कोर (मधला मुख्य भाग) म्हणजे एरिया ०, अक्कलकोट रोड एमआयडीसी एरिया १, जुळे सोलापूर एरिया २, दोन्हीकडं एकेकच एबीआर. परवा एमआयडीसीच्या एबीआरचा पॉवर सप्लाय जळला आणि टॉवेल कारखान्यांची लाईन दुपारभर बंद. एमआयडीसीच्या आतल्या राउटरपासून जुळे सोलापूरच्या एबीआरपर्यंत आमची स्वतःची फायबर आहे ओ, एरिया २ मध्ये टाकलीय, लिंक अप, नेबर फुल (दोन्ही राउटरची ओळख पूर्ण), तरी ट्रॅफिक तिकडून जाईना. एक्सपोर्टची ऑर्डर अडकलेले लोक फोन करत होते, लई वाईट वाटलं. स्टॅटिक (हातानं लिहिलेला रस्ता) मारू का व्हर्च्युअल लिंक (दुसऱ्या एरियातून एरिया ० ला जोडणारी आभासी लिंक) करू? गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) आधी काम संपवायचंय.

विजापूररोड_नेट: स्टॅटिक नको दादा. मध्ये मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारा डबा) असला की पलीकडचा राउटर मेला तरी इकडचा पोर्ट अपच दिसतो, रूट तसाच राहतो आणि पॅकेट खड्ड्यात. शिवाय परतीचा रस्ता पण हातानं लिहावा लागतो, तो कुणीतरी विसरतंच.

फायबर_पंढरपूर: फायबर असून ट्रॅफिक का जात नाही ते आधी बघा. एका एरियातून दुसऱ्या एरियात जायचं तर एरिया ० मधूनच, हा ओएसपीएफचा नियमच आहे (त्याचा मानक दस्तऐवज आरएफसी २३२८, १९९८). एबीआर दुसऱ्या एरियांचे रूट ठरवताना फक्त एरिया ० मधून आलेले समरी एलएसए (दुसऱ्या एरियांच्या रस्त्यांची माहिती देणारे निरोप) धरतो, एरिया २ मधून आलेला बघत पण नाही. तुमच्या आतल्या राउटरला एरिया १ आणि २ दोन्हीत पाय आहेत पण एरिया ० मध्ये नाही, म्हणून तो पूल होऊच शकत नाही. व्हर्च्युअल लिंकनं काम होईल, फक्त मधला एरिया २ स्टब (बाहेरचे रूट आत न घेणारा एरिया) नको. पण फायबर थेट एबीआरवरच उतरतेय ना, मग व्हर्च्युअल कशाला, तीच लिंक एरिया ० मध्ये टाका.

विजापूररोड_नेट: बरोबर, पण यात एक गोष्ट हमखास सुटते. ती लिंक एरिया ० मध्ये गेली की आतला राउटर स्वतः एबीआर होतो, मग कोरला जायला त्याला त्याच एरियातला रस्ता मिळतो, आणि एरियातला रस्ता दुसऱ्या एरियावरून येणाऱ्यापेक्षा आधी धरला जातो, कॉस्ट (लिंकला दिलेला आकडा, कमी तो रस्ता आधी) कितीही वाढवा. म्हणजे जुना एबीआर धडधाकट असताना पण त्या राउटरचं ट्रॅफिक जुळे सोलापूरला वळसा घालून जाणार. त्यासाठी जुना एबीआर आणि हा राउटर यांच्यात एक व्हीलॅन (त्याच केबलवरचं वेगळं आभासी नेटवर्क) एरिया ० मध्ये पण टाका, मग कॉस्टचं ऐकतो.

जुळे_सोलापूरकर: हे माहीतच नव्हतं सर, लई उपकार. आणि वळायला किती वेळ लागेल?

फायबर_पंढरपूर: नुसत्या हॅलोवर (राउटर एकमेकांना पाठवतात त्या 'मी आहे' निरोपावर) राहिलात तर इथरनेटवर हॅलो दर १० सेकंदांनी, डेड (मेला असं धरायची मुदत) ४०, म्हणजे कन्व्हर्टरच्या मागचा राउटर मेल्याचं कळायलाच ४० सेकंद. बीएफडी (लिंक तुटल्याचं झटकन ओळखणारी पद्धत) लावा, ३०० मिलीसेकंद गुणिले ३, सेकंदाच्या आत कळतं. जुन्या हार्डवेअरवर सीपीयू बघून लावा. आणि दोन्ही एबीआर एकाच बॅटरीवर ठेवू नका.

खरं सांगू का, १४ राउटरना एरिया पाडायची गरजच नाही. सगळं एरिया ० करा, ही फायबर आपोआप कामाला येईल, कॉन्फिग पण निम्मं होईल. माझं मत तेच.

जुळे_सोलापूरकर: मग एकच एरिया करतो. रविवारी कारखाने बंद असतात तेव्हा आधी एमआयडीसी आणि मग जुळे सोलापूर, आणि शेवटी एमआयडीसीच्या जुन्या एबीआरचा प्लग काढून बघतो.